‘अर्ली आहे’ म्हणजे नेमके काय? स्तनाच्या कर्करोगावर किती उपचार पुरेसे, या प्रश्नाचा आढावा

बायप्सीचा रिपोर्ट बहुतेक घरांत आधी नवरा, मुलगा किंवा दीर वाचतो. ज्या बाईच्या गाठीबद्दल तो असतो, तिच्यापर्यंत त्यातले एकच वाक्य पोचते : ‘अर्ली आहे, घाबरू नका.’ हे वाक्य खोटे नसते, अपुरे असते. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत बरेच काही ठरवायचे असते. स्तन काढायचा की फक्त गाठ? काखेतल्या ग्रंथी किती काढायच्या? शेक (रेडिएशन) घ्यावा लागेल का, किमो लागेल का, गोळ्या किती वर्षे? ‘अर्ली’ या शब्दातून यातल्या एकाचेही उत्तर निघत नाही.

साठ वर्षांपूर्वी हे प्रश्न पडतच नव्हते, कारण उपचार एकच होता. आज ते पडतात ते वैद्यकशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत स्वतःच्याच सवयी तपासल्या म्हणून. ‘आणखी काय करता येईल’ याइतकाच ‘काय वगळले तरी चालेल’ हाही संशोधनाचा विषय झाला. या चर्चेचा मोठा भाग युरोप-अमेरिकेत घडला, आणि तिथली उत्तरे इथे कितपत लागू पडतात हा आपल्यासाठी जोडप्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार जणी या आजाराने गेल्या.

रिपोर्टमधल्या दोन गोष्टी

रिपोर्ट दोन वेगळ्या गोष्टी सांगतो आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली, आजार कुठवर पोचला आहे. ही स्टेज. गाठीचा आकार, काखेतल्या ग्रंथी आणि दूरच्या अवयवांत प्रसार, या तिन्हींवरून ती ठरते. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि काख मोकळी असेल तर पहिली स्टेज. दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ, किंवा काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत आजार, असे असेल तर साधारण दुसरी. ‘अर्ली’ म्हणतात ते ढोबळमानाने इथपर्यंत.

दुसरी गोष्ट म्हणजे गाठीचा स्वभाव. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या आणि किती वेगाने वाढणाऱ्या दिसतात त्यावरून एक ते तीन अशी ग्रेड देतात. ‘ग्रेड ३’ वाचून ‘तिसरी स्टेज’ समजून रडारड झालेली घरे कमी नाहीत. पहिल्या स्टेजची गाठ ग्रेड तीनची असू शकते, आणि मोठी गाठ ग्रेड एकचीही. त्यापुढे तीन तपासण्या येतात : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन सांगतात की गाठ स्त्रीच्या स्वतःच्या संप्रेरकांवर पोसली जाते का. तिसरी सांगते की पेशीच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर आहे का. हर-टूचा निकाल ‘२+’ आला तर तो अर्धवट समजायचा आणि फिश नावाची पुढची तपासणी करून घ्यायची. तिन्ही नसतील तर ती ट्रिपल निगेटिव्ह.

पूर्वी उपचार मुख्यतः पसरण्यावरून ठरत, आता स्वभावाचे वजन वाढत गेले आहे. २०१८ पासून लागू झालेल्या अमेरिकी स्टेजिंग पद्धतीच्या आठव्या आवृत्तीने तर ग्रेड आणि ईआर-पीआर-हर-टू या गोष्टी स्टेजच्या गणितातच घेतल्या. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या दोन गाठींची स्टेज वेगळी निघू शकते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सारे निर्णय या तीन तपासण्यांवर उभे राहतात, आणि तपासण्या अवलंबून असतात एका अगदी साध्या गोष्टीवर. शरीरातून काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडला का? तिथे किमान सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहिला का? तुकडा तसाच पडून राहिला, किंवा मोठी गाठ न चिरता अख्खी बुडवली आणि रसायन आतपर्यंत गेलेच नाही, तर ईआर असूनही ‘निगेटिव्ह’ दिसू शकतो. भारतात ट्रिपल निगेटिव्ह गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आढळते, साधारण तीनातली एक. त्यातला काही भाग खरा आहे, कारण इथल्या रुग्ण स्त्रिया सरासरी दहा वर्षांनी तरुण आहेत आणि तरुण वयात अशा गाठी अधिक असतात. पण काही भाग प्रयोगशाळेतल्या हाताळणीचा असावा असे अनेक पॅथॉलॉजिस्टना वाटते, आणि तो किती, याबद्दल एकमत नाही. एका चुकीच्या ‘निगेटिव्ह’मुळे स्वस्त आणि गुणकारी गोळी हातची जाते. म्हणून शंका असेल तर त्या तुकड्याचा ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घेणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे.

स्तन काढायचा की गाठ

विल्यम हॉलस्टेड या अमेरिकी शल्यविशारदाने १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचा अहवाल प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळे एकत्र काढायचे. कर्करोग एका जागेपासून शिस्तीत, पायरीपायरीने पसरतो, तेव्हा जितके मुळापासून खणाल तितके बरे, असा त्यामागचा विचार. जवळजवळ पाऊणशे वर्षे तो टिकला. हात सुजलेल्या, खांदा न उचलणाऱ्या, छातीच्या फासळ्या त्वचेखाली दिसणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या त्याने पाहिल्या. हॉलस्टेडच्या काळात गाठी बहुधा मोठ्या आणि उशिराच्या असत, आणि स्थानिक आजार आटोक्यात आणण्याचा दुसरा मार्गही नव्हता, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी उलटा विचार मांडला. काही पेशी रक्तातून सुरुवातीलाच दूर गेलेल्या असू शकतात. मग छाती कितीही खोदली तरी जगण्या-मरण्याचा निकाल बदलणार नाही. हे तपासायचे तर चिठ्ठी टाकून स्त्रियांची विभागणी करणे भाग होते, आणि त्याला तेव्हा मोठा विरोध झाला. १९७१ मध्ये त्यांची एक चाचणी सुरू झाली, १९७६ मध्ये दुसरी. दुसरीत १,८५१ स्त्रियांचा हिशेब धरला. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ, काहींची गाठ काढून वर शेक दिला. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. जगण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक नव्हता. शेक न दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांमध्ये त्याच स्तनात आजार परतला, शेक दिलेल्यांत १४ टक्क्यांमध्ये. इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचाही वीस वर्षांचा निष्कर्ष त्याच वर्षी, त्याच दिशेचा आला.

बदल फक्त शल्यविशारदांनी घडवला नाही. तेव्हा अमेरिकेत गाठीची तपासणी आणि स्तन काढणे एकाच भुलीत उरकत. भूल घेताना बाईला ठाऊक नसे की जागी होताना स्तन असेल की नाही. रोझ कुश्नर या पत्रकार स्त्रीला १९७४ मध्ये हे निदान झाले आणि तिने या प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीने आधी तपासणी, मग स्त्रीशी बोलून शस्त्रक्रिया, असे दोन टप्पे सुचवले. रिपोर्ट आणि ऑपरेशन यांच्या मधले जे दिवस आज आपल्याला असह्य वाटतात, ते असे भांडून मिळालेले आहेत.

म्हणजे प्रश्न सुटला का? शास्त्राच्या बाजूने बराचसा. पण शेक ही बहुतेकींसाठी स्तन राखण्याची अट आहे, आणि शेकाचे यंत्र प्रत्येक जिल्ह्यात नाही. ज्या बाईला रोजच्या शेकासाठी गाव सोडून परक्या शहरात राहावे लागणार, तिने ‘काढूनच टाका’ म्हटले तर तो निव्वळ अडाणीपणा ठरवता येत नाही. दुसऱ्या बाजूला, ‘आता मुले झाली, कशाला हवा स्तन’ असे घरच्यांनी परस्पर ठरवणेही घडते, आणि तिथे तिला पर्याय सांगितलाच गेलेला नसतो. या दोन परिस्थिती वरून सारख्या दिसतात.

काख

काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या की काही जणींचा हात कायमचा सुजतो. पाणी शेंदणे, कपडे पिळणे, लेकराला उचलणे यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून १९९० च्या दशकात पहारेकरी ग्रंथीची कल्पना आली. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य स्तनात टोचायचे, ते काखेत पहिल्यांदा ज्या ग्रंथीत पोचेल ती काढून तपासायची. ती स्वच्छ असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

पुढची पायरी अधिक धाडसी होती. पहारेकरी एक-दोन ग्रंथींत आजार सापडला तरी, स्तन राखून शेक देणार असू तर, बाकीच्या ग्रंथी सोडून देता येतील का? अमेरिकेतल्या झेड-००११ या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले आणि त्यात तोटा दिसला नाही. २०२३ मध्ये इटलीतून निघालेल्या साउंड चाचणीने त्याही पुढे जाऊन दाखवले की गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर पहारेकरी ग्रंथी न काढताही पाच वर्षांत दूर प्रसाराचे प्रमाण वाढत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. या चाचण्यांतल्या बहुतेक स्त्रिया पन्नाशीपुढच्या, लहान, संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठींच्या होत्या. काखेत काय आहे हेच कळले नाही तर पुढे कोणते औषध द्यायचे हे ठरवताना हात बांधले जातात. इथे बहुतेक गाठी हाताला लागल्यावर कळतात, मॅमोग्राफीत नव्हे. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाने यावर आपला मार्ग काढला. किरणोत्सारी द्रव्य आणि ते टिपणारे यंत्र सर्वत्र नसते, म्हणून काखेच्या खालच्या ठरावीक भागातल्या ग्रंथी काढून तपासायच्या. महागड्या साधनांशिवाय पहारेकरी ग्रंथींइतकीच भरवशाची माहिती त्यातून मिळते, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले.

शेक किती दिवस

इथे एकमत सर्वाधिक आहे. पाच-सहा आठवड्यांचा शेक आधी तीन आठवड्यांवर आला. मग ब्रिटनमधल्या ४,०९६ रुग्णांच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २०२० मध्ये दाखवले की पाच दिवसांत पाच वेळा दिलेला शेक पाच वर्षांच्या हिशेबात कमी पडत नाही. गडचिरोलीहून नागपूरला किंवा सिंधुदुर्गातून मुंबईला येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या बाईसाठी, आणि तिच्यासोबत रोजगार सोडून आलेल्या माणसासाठी, यापेक्षा मोठी बातमी या सगळ्या आढाव्यात नाही.

शेक अजिबात टाळता येईल का, हा त्यापुढचा प्रश्न. पासष्टीपुढच्या, लहान गाठीच्या, गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तो टाळला तेव्हा दहा वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावरून साडेनऊ टक्क्यांवर गेले, पण आयुर्मान तेवढेच राहिले. हे आकडे एकीला दिलासा देतील, दुसरीला झोप येऊ देणार नाहीत. दोघींचेही बरोबर आहे.

किमो, गोळी, इंजेक्शन

ईआर असलेल्या गाठींसाठी टॅमॉक्सिफेन ही जुनी, स्वस्त गोळी. पाच वर्षे घेतली तर पहिल्या पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी होतात, हे जगभरातल्या चाचण्या एकत्र करून सिद्ध झाले आहे. वाद आहे तो मुदतीचा. दहा वर्षे घेतल्यास फायदा आणखी वाढतो, पण अंगातून वाफा, गर्भाशयाच्या अस्तराचा धोका, रक्ताच्या गुठळ्या यांची टांगती तलवारही लांबते. पाळी थांबलेल्या स्त्रियांना दुसऱ्या प्रकारची गोळी मिळते, तिने हाडे ठिसूळ होतात.

किमोचा प्रश्न सर्वांत घालमेल करणारा आहे. ईआर असलेल्या आणि काख मोकळी असलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी गोळीनेच बऱ्या होणार असतात, पण त्या कोणत्या, हे आधी कसे ओळखायचे? गाठीतल्या २१ जनुकांची मोजणी करणाऱ्या अमेरिकी चाचणीने त्याला वाट दिली. १०,२७३ स्त्रियांच्या टेलर-एक्स अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले की मधल्या गुणांकाच्या बहुतेक स्त्रियांना किमोने अधिक लाभ होत नाही. पण पन्नाशीच्या आतल्या काही गटांत थोडा लाभ दिसला. काखेतल्या एक ते तीन ग्रंथी बाधित असलेल्यांच्या २०२१ च्या अभ्यासातही तेच : पाळी थांबलेल्यांना किमोचा फायदा नाही, पाळी चालू असलेल्यांना आहे.

हा फायदा किमोचा की किमोमुळे पाळी थांबते त्याचा? यावर तज्ज्ञांत खरेखुरे दुमत आहे. एक पक्ष म्हणतो, अंडाशयांचे काम इंजेक्शनने थांबवले तर तरुण स्त्रीलाही किमोपासून वाचवता येईल. दुसरा म्हणतो, पुरावा येईपर्यंत तरुण जिवावर हा जुगार नको. हे तपासणारी चाचणी अमेरिकेत चालू आहे. भारतात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण इथल्या रुग्णांत पाळी चालू असलेल्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. शिवाय ती जनुक-चाचणी काही लाखांची. बंगळुरूत विकसित झालेली, पाच प्रथिनांवर आधारलेली कॅनअसिस्ट ही तुलनेने स्वस्त चाचणी उपलब्ध आहे, पण तिच्यामागे टेलर-एक्ससारखी चिठ्ठी टाकून केलेली मोठी चाचणी नाही. म्हणून काही डॉक्टर ती मानतात आणि काही अजून थांबले आहेत.

हर-टू असलेल्या गाठींचे चित्र ट्रॅस्टुझुमॅबने पालटले. २००५ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवरचे निष्कर्ष आले आणि वर्षभर औषध हा पायंडा पडला. ते वर्ष फारशा पुराव्याविना निवडले होते. ब्रिटनच्या पर्सेफोनी चाचणीत सहा महिनेही कमी पडले नाहीत, तर फ्रान्सच्या तशाच चाचणीत ते सिद्ध झाले नाही. ज्या घराला खर्च झेपतो तिथे वर्ष पूर्ण करतात. जिथे झेपत नाही तिथे सहा महिने ही सोडून दिलेली लढाई नव्हे, पुराव्याचा आधार असलेला निर्णय आहे, असे मला वाटते. भारतीय कंपन्यांनी त्या औषधाच्या प्रतिकृती काढल्यापासून किंमत उतरली आहे.

तिशी-पस्तिशीतल्या बाईला आणखी एक प्रश्न असतो, तो बहुधा कोणी काढत नाही : मूल. पॉझिटिव्ह नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाचशेहून अधिक स्त्रियांनी दीड-अडीच वर्षे गोळी घेतल्यावर गरोदरपणासाठी ती दोन वर्षांपर्यंत थांबवली. २०२३ च्या निष्कर्षांत नजीकच्या काळात आजार परतण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. दहा-पंधरा वर्षांनंतरचे अजून पाहायचे आहे. मात्र किमोआधी बीजांडे साठवायची असतील तर ते बोलणे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवे.

परळमधून आलेले पुरावे

आपण नेहमी घेणारेच आहोत असे नाही. १९९८ मध्ये टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करवली. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, कळले की आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांची मिळून झालेली १५ टक्क्यांची घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. चाळिशीतल्या बाईसाठी काय, हे त्यामुळे अनिर्णित राहिले.

दुसरा अभ्यास डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा. शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तेच बधिर करण्याचे औषध, टोचायचे. अकरा केंद्रांतल्या सुमारे १,६०० स्त्रियांत पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. निष्कर्ष २०२३ मध्ये छापले गेले. औषधाचा खर्च नगण्य. शंका घेणारे म्हणतात की दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन दिले नव्हते, यंत्रणा पुरती उलगडलेली नाही, आणि दुसरीकडे हाच प्रयोग पुन्हा व्हायला हवा. समर्थक विचारतात, एवढा स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय पुराव्याच्या दुसऱ्या फेरीपर्यंत रोखून काय साधणार? दोन्ही बाजूंना वजन आहे. एवढे खरे की ज्या औषधावर कोणी नफा कमावणार नाही, त्याची दुसरी चाचणी करायला पैसा जमवणे कठीण.

शून्य स्टेज आणि उरलेले प्रश्न

दूधनलिकांच्या आतच राहिलेल्या, भिंत न ओलांडलेल्या आजाराला शून्य स्टेज म्हणतात. त्यातले काही कधीच पसरणार नसतात. कमी धोक्याच्या अशा ९५७ स्त्रियांवरच्या कॉमेट चाचणीत, २०२४ मधल्या दोन वर्षांच्या हिशेबानुसार, नुसते लक्ष ठेवलेल्या गटात भिंत ओलांडणाऱ्या आजाराचे प्रमाण ४.२ टक्के होते आणि शस्त्रक्रियेच्या गटात ५.९. दोन वर्षे हा काळ अशा संथ आजारासाठी फारच थोडा आहे, त्यामुळे कोणी घाईने पवित्रा बदललेला नाही.

घाईचाही प्रश्न आहेच. किती दिवस थांबलेले चालते? उपचाराला चार-चार आठवड्यांचा उशीर होत गेला तर धोका थोडाथोडा वाढतो असे मोठ्या पाहण्यांतून दिसते. पण रिपोर्ट पूर्ण करायला, दुसरे मत घ्यायला लागणारे दोन आठवडे त्यात मोडत नाहीत. इथे उशीर होतो तो बहुधा त्याआधी. गाठ लागते आणि दुखत नाही म्हणून दिवाळीपर्यंत, मग लग्नसराईपर्यंत कोणाला सांगितली जात नाही, तेव्हा. आणि त्यानंतर होतो तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांत, यंत्राच्या तारखेत.

या चर्चेतले बहुतेक उरलेले प्रश्न गाठीच्या त्याच लहानशा तुकड्याकडे परत येतात. मेणात बसवलेला तो ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. आज न करता आलेली तपासणी उद्या त्यावर करता येते. परळच्या बाह्यरुग्ण विभागात बायका पहाटेच्या गाडीने येतात तेव्हा पिशवीत डब्याशेजारी, रुमालात गुंडाळून, तो आणतात.